दोरीवरचे कान

दार ढकललं तेव्हा आमचे हे कागदाचा मुका घेत होते.

खिडकीशी उभे होते. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले, आणि एका कोऱ्या कागदाचा कोपरा ओठांत अलगद धरलेला. मी चहाचे कप घेऊन दारातच थांबले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांची बरीच सोंगं पाहिली होती, पण हे नवीन होतं.

"चालू द्या तुमचं," मी म्हणाले. "मी नंतर येते."

"अगं थांब. बाजू बघतोय." ओठापासून कागद सोडवत हे म्हणाले, "ही बाजू ओठाला चिकटते, म्हणजे शाई ह्या बाजूला घ्यायची. उलटी बाजू चिकटत नाही. कागदवाल्या बाईंनी सांगितलं."

"बोटानं नाही का कळत?"

"बोटं ग्रीस खाऊन खाऊन बथ्थड झाली. ओठ अजून शाबूत आहेत."

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणाले आणि कप टेबलावर ठेवले.

हे शहाणपण आदल्या दिवशीच्या गोंधळातून आलं होतं. फोटो छापायच्या चकचकीत कागदाची, म्हणजे ग्लॉसी कागदाची, एकच बाजू शाई पिते. ह्यांनी घातला उलटा. शाई मुरलीच नाही, नुसती वर तरंगत राहिली, आणि वाळली का बघायला ह्यांनी अंगठा लावला. मला तो कागद केराच्या डब्यात सापडला. काळं थारोळं आणि त्यात एक अंगठा. त्यात मी कुठे आहे ते मला ओळखू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

कारण तो फोटो माझा होता, आणि तो व्हायलाच नको होता.

झालं असं की मागच्या वर्षी डॉक्टरांनी ह्यांना सिगरेट सोडायला सांगितली. हे हसले. मीही हसले, आणि हसता हसता बोलून गेले की वर्षभर सोडून दाखवा, मागाल ते देईन. मला वाटलं, आठवड्याभरात माणूस गच्चीवर जाऊन हळूच झुरके मारायला लागेल. पण हे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलेले. एकदा हातात दोर धरला की सोडत नाहीत. वर्षभर घरातल्या सगळ्या पेन्सिली चावून संपवल्या, सिगरेटला शिवले नाहीत. वर्ष पुरं झालं त्या सकाळी माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "एक फोटो. तुझा."

मी म्हटलं, "सिगरेट ओढा."

माझ्या चेहऱ्यावर कोड आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. लेक चार वर्षांची होती तेव्हा ओठाच्या डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका आला. मग तो गालावर चढला, डोळ्याला वळसा घालून कपाळाला पोचला, थोडा मनगटांवरही उतरला. मी चांगली सावळी, त्यामुळे लांबूनही दिसतो. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. फक्त तेव्हापासून माणसं माझ्याशी बोलायला लागली की माझ्या डाव्या गालाशी बोलतात.

नोकरी मात्र नशिबानं छान मिळाली. बसस्थानकात मागच्या खोलीत बसून गाड्यांच्या सूचना द्यायच्या. शहरातल्या निम्म्या लोकांना माझा आवाज पाठ होता आणि चेहरा एकालाही माहीत नव्हता. मला ती नोकरी फार आवडायची. आणि घरात, सहलीत, कुणाच्या लग्नात फोटोची वेळ आली की माझं एक वाक्य ठरलेलं. "मी काढते, तुम्ही उभे राहा." इतकी वर्षं मी सगळ्यांचे फोटो काढले. बरे काढायची, बरं का. कुणाचं डोकं कापलं नाही.

पण शब्द दिला होता, आणि ह्यांनी तो वर्षभर पेन्सिली चावून कमावला होता. मग मी अटी घातल्या. एकच फोटो काढायचा. तो मी स्क्रीनवर बघणार नाही, कागदावर बघणार. एकदाच बघणार. नाही आवडला तर तिथल्या तिथे फाडीन, आणि मग हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही. आवडला तर वाचनालयात लावा. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या जिन्यालगत दरवर्षी रहिवाशांनी काढलेले फोटो लावतात. गेल्या वर्षी ह्यांनी लिफ्टच्या मोटारीचा फोटो दिला होता, काळापांढरा. ह्यांचे सगळेच फोटो काळेपांढरे असतात. एक बाई त्याच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि हे शिलाई मशीन कोणत्या कंपनीचं म्हणून विचारून गेल्या.

तर ह्यांनी अटी मान्य केल्या. मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं केलं. मी चेहरा असा केला होता की दात काढून घ्यायला आलेय. हे कॅमेरा डोळ्याला लावून मागे सरकत गेले, सरकत गेले, आणि फरशी पुसायच्या बादलीत बसले. पाण्यासकट. मी हसले. हसताना तोंडावर हात न्यायची माझी जुनी सवय आहे, पण हात पोचायच्या आत खटका वाजला. बादलीत रुतलेल्या माणसानं एक बोट तेवढं मोकळं ठेवलं होतं.

आता प्रश्न कागदाचा. चेहरा मला दाखवायचा नाही, म्हणून चाचणीसाठी ह्यांनी फोटोचा एक तुकडाच छापायला घेतला. उजवा कान, त्याच्यामागचे केस आणि भिंतीवरची सावली. एका पानाच्या चार पट्ट्या. दुकानातून वेगवेगळे नमुने आणून प्रत्येकावर तोच कान. सुकायला पट्ट्या मोज्यांच्या दोरीवर, चिमटे लावून. शेजारीण साखर मागायला आली आणि ह्यांच्या खोलीत डोकावून साखर न घेताच गेली. दोरीवर माझे सात कान वाळत होते.

एकही पसंत नव्हता. पहिल्या कागदावरचा काळा समोरून ठीक, पण जरा तिरका धरला की तांब्याच्या भांड्यासारखा झळकायचा. "हा काळा नाही, काळ्याचं सोंग आहे," हे म्हणाले. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिच्यात ह्यांचं आयुष्य गेलं. अंधाराच्या बाबतीत ह्यांना फसवणं अवघड. दुसरा कागद सुकल्यावर कडा वर करून बसायचा. तिसऱ्याचा काळा छान होता, तर हे त्याच्या पांढऱ्यावर नाराज. "निळा मारतोय. हॉस्पिटलच्या चादरीसारखा."

मला हे पांढऱ्याचं प्रकरण कळेना. काळ्यासाठी एवढी डोकेफोड करणारा माणूस दर वेळी पट्टीची कोरी कडाच काय बघत बसतो? खिडकीशी बघायचे, दिव्याखाली बघायचे. एकदा मी भाजी चिरत असताना येऊन कोरी पट्टी माझ्या मनगटाशी धरली आणि डोळे बारीक करून पाहिली.

"स्वेटर विणायचाय का?" मी विचारलं. "रंग जुळवताय ते?"

"तुझं चालू दे," म्हणाले आणि निघून गेले.

शेवटी मीच म्हटलं, चला, मीही येते दुकानात. अशानं पुढच्या वर्षीपर्यंत घरात कान सोडून काही दिसणार नाही.

कागदाचं दुकान अरुंद आणि खोल होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खण. कागदवाल्या बाई बुटक्या, गळ्यात दोरीला चष्मा, हातात पांढरे सुती मोजे. मी तोंड उघडून "नमस्कार" म्हणाले मात्र, त्यांनी मोजे घातलेला हात हवेत धरला.

"थांबा. तुमचा आवाज... बसस्थानक?"

"होते तिथं."

"अहो, तुमच्या आवाजावर मी कॉलेजची सगळी वर्षं काढली. तुम्ही 'सुटण्याच्या तयारीत आहे' म्हणालात की मी पळायला लागायचे." त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आतून स्टूल आणवलं आणि मला बसवलं. मलाही बरं वाटलं, कशाला नाकारू.

मग त्यांनी कागद काढले. एकेक पान मोज्यांनी उचलून दिव्याखाली तिरकं करून दाखवायच्या. हे त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. ती दोन डोकी एका कोऱ्या पानावर अशी झुकली होती की मला हसू यायला लागलं. शेवटी तळाच्या खणातून एक पाकीट निघालं. ग्लॉसीच, पण भडक चमक नाही. आणि पांढरा असा की साय आठवावी. ह्यांनी ते पान हातात घेतलं आणि एक अक्षर बोलले नाहीत. हे गप्प झाले की समजायचं, सापडलं.

"फोटो कसला आहे?" बाईंनी विचारलं.

"हिचा. चेहरा."

बाईंची नजर माझ्या गालावर गेली आणि पटकन परत आली. मला सवय आहे. वाईट बाई नव्हत्या. उलट फार मायेनं बोलल्या. "मग मी सांगू? तुम्ही मॅट घ्या. चमक नसलेला. मऊ दिसतो चेहरा. ग्लॉसीचं कसं आहे, जिथं अगदी पांढरं असतं तिथं प्रिंटर शाईच टाकत नाही. बाकी सगळीकडे शाईची चमक, तिथं नुसता कागद. तिरकं धरलं की तेवढाच भाग वेगळा उठून दिसतो, डाग पडल्यासारखा." शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. "नाहीतर त्या जागेवर हलका राखाडी चढवा. पुष्कळ जण चढवतात. कळतसुद्धा नाही."

"नाही," हे म्हणाले. एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की दुकानातली दुसरी दोन गिऱ्हाइकं वळली. "राखाडी नको."

"मॅट द्या," मी म्हणाले. स्टुलावरून उठले आणि बाहेर जाऊन उभी राहिले. हे पैसे देऊन मागून आले. बसमध्ये ह्यांनी माझी पिशवी मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा हे फिरायला गेले होते आणि दोरीवर एक नवा कान होता. मॅटवरचा. मी चिमटा काढून तो हातात घेतला, शेजारचा ग्लॉसीवरचा दुसऱ्या हातात घेतला आणि खिडकीशी गेले.

मॅटचा कान छान होता. सभ्य होता. कुणाच्याही मावशीचा असावा तसा. केस काळे नव्हते, राखेत हात घालून फिरवल्यासारखे होते, पण मऊ, बाई म्हणाल्या तसेच. दुसऱ्या हातातल्या कानाची एकेक बट सुटी दिसत होती, त्यातल्या पिकलेल्या बटांसकट. आणि पाळीवर एक बारीक चीर होती. लेक तान्ही असताना तिनं माझं डूल धरून ओढलं होतं, त्याची. किती रक्त आलं होतं, आणि ती कारटी हसत होती. मी मॅटच्या पट्टीवर ती चीर शोधली. उजेडात धरली, चष्मा लावून पाहिलं. नव्हती.

हे परत आले तेव्हा मी तशीच उभी होते.

"चीर कुठं गेली?" मी विचारलं.

"मॅटवर? मऊ झाली."

"मऊ झाली म्हणजे गेली."

"म्हणजे गेली," हे म्हणाले. टोपी काढून खुंटीला लावली. खिशातून पेन्सिल निघाली.

"आणि दुकानात राखाडीवर एवढे खेकसलात का? बिचारी चांगलंच सांगत होती."

हे खुर्चीत बसले. पेन्सिल तोंडाशी नेली, खाली ठेवली. ह्यांना लांब बोलायचं जिवावर येतं. लिफ्ट का बंद पडली हेसुद्धा हे लोकांना एका वाक्यात सांगायचे.

"हे बघ," हे म्हणाले. "तुझ्या गालावर जिथं पांढरं आहे, तिथं प्रिंटर एक थेंब टाकत नाही. बाकी सगळं शाईनं होतं, केस, डोळे, भिंत. तेवढी जागा मात्र कोरी राहते. तिथं जे दिसणार ते मी छापलेलं नाही, तो कागदच. मग तो कागद नीट नको? तुला वाटलं, मी इतके दिवस काळा शोधतोय. काळा काय, बरी शाई असली की येतो. मी पांढरा शोधत होतो. तुझ्यासारखा पांढरा. निळा नाही, पिवळा नाही. काल तो मिळाला. आणि त्याच्यावर राखाडी फासू?"

मला रडू आलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, खोलीत आम्ही दोघं आणि माझे आठ कान. त्या पांढऱ्याला मी मलमं लावली, पावडरी लावल्या, पाठ फिरवली, दिवे मालवले. तो चांगला आहे का वाईट, निळा आहे का सायीसारखा, हे बघायचं मला कधी सुचलंच नाही. हा माणूस मात्र पट्टी घेऊन माझ्या मनगटाशी येत होता.

नाक पुसून मी म्हटलं, "जा, तो ग्लॉसी घेऊन या."

"आणलाय."

"कधी?"

"कालच. तू मॅट द्या म्हणालीस, मॅट घेतला. ग्लॉसी घेऊ नका असं काही तू म्हणाली नव्हतीस."

ह्यांनी कपाटातून पाकीट काढलं, एक पान अलगद ओढलं आणि सवयीनं ओठांकडे न्यायला लागले. मी म्हटलं, "आणा इकडे." कोपरा तोंडाशी धरला. माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथून हे सगळं सुरू झालं, तिथं तो हलकेच चिकटला. "ही बाजू," मी सांगितलं.

प्रिंटर घरघरला. फोटो डोक्याकडून एकेक रेघ करत बाहेर येतो. आधी केस आले आणि मी तोंड फिरवलं. मग ह्यांनी पान टेबलावर ठेवलं, त्याच्यावर एक मोठा खोका पालथा घातला आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, अंगठ्याचा भरवसा नाही म्हणून. मी भांडी घासली, कपडे घड्या केले, घासलेलीच भांडी पुन्हा घासली. दुपारी ह्यांनी हाक मारली.

मी बघितला.

एक बाई हसत होती. तोंड उघडं, डोळे बारीक, हात अर्ध्या वाटेत. खिडकीचा उजेड डाव्या गालावर पडला होता, आणि केसांचा काळा असा खोल होता की त्यात बोट बुडेल. मी फोटो तिरका धरला. बाई म्हणाल्या होत्या तेच झालं. शाईची चमक सरकली आणि गालाची जागा वेगळी राहिली, नुसत्या कागदाची, निवांत. मी तो सरळ केला, पुन्हा तिरका केला. कितीतरी वेळ मी तेच करत होते. ही बाई मजेत आहे, एवढंच माझ्या मनात येत होतं. हिची कुणीतरी चांगलीच करमणूक केलेली दिसते.

मग मला खोडी सुचली. मी फोटोची वरची कड दोन्ही हातांत धरली, फाडायला धरतात तशी. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण तोंडातून शब्द काढला नाही, अट म्हणजे अट. पेन्सिल मात्र कडकन मोडली.

"चावू नका," मी म्हणाले. "फ्रेमचं माप लिहायला लागेल."

वाचनालयात फोटो जिन्याच्या वळणावर लागला, खिडकीजवळ. पहिल्याच संध्याकाळी लेक आली. कागदवाल्या बाईही आल्या होत्या. त्यांनी फोटो समोरून पाहिला, मग भिंतीला गाल टेकवून कडेनं पाहिला, आणि ह्यांना म्हणाल्या, "मी चुकीचं सांगितलं होतं हो." हे म्हणाले, "पाकीट तर तुम्हीच काढून दिलंत." एक म्हातारे गृहस्थ जिना चढताना दम खायला थांबले, फोटोकडे पाहिलं आणि त्यांनाही हसू आलं. का आलं ते त्यांनाच ठाऊक नसावं. बादली तर फोटोत नव्हती.

लेक मात्र फोटोपुढेच उभी होती. मग माझा दंड धरून म्हणाली, "आई, मागे माझी धाकटी आपला अल्बम बघत होती. मी चार वर्षांची होईपर्यंत तू आहेस, मग एकदम नाहीस. तिनं मला विचारलं, आजी मध्ये कुठं गेली होती?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आजी कॅमेऱ्याच्या मागे होती."

खरंच होतं ते. लेकीचे शाळेतले फोटो, तिचं लग्न, नातींची बाळपणं, सगळीकडे मी होते आणि कुठेच नाही. ती वर्षं आता आणायची कुठून? मला त्यांचं वाईट वाटलं, तिथं जिन्यात उभ्या उभ्या वाटलं. ह्यांनी ते पाहिलं असावं, कारण हे उगाचच फ्रेम सरळ करायला लागले. ती सरळच होती.

"आता असं करू," लेक म्हणाली आणि तिनं ह्यांच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. "इथंच एक काढू या."

माझा हात आपोआप पुढे गेला. "आण, मी काढते. तुम्ही बापलेक उभे राहा." तिनं सवयीनं कॅमेरा माझ्या हातात दिलासुद्धा. मी तो डोळ्याला लावला. चौकटीत लेक होती, हे होते, ह्यांच्या डाव्या अंगाला एका माणसापुरती जागा होती आणि वर भिंतीवर ती बाई हसत होती.

मी कॅमेरा खाली घेतला, लेकीच्या हातात परत दिला आणि ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"आई, थोडी डावीकडे सरक," ती म्हणाली. "तिथं खिडकीचा उजेड आहे."

मी सरकले.